स्टिअरिंग अडकलं आणि गॅरेजवाल्याने अख्खा कॉलम ‘बदलला’

ज्यांच्या गाडीचं स्टिअरिंग बटणाने वर-खाली आणि पुढे-मागे होतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. असं स्टिअरिंग जागच्या जागी अडकलं की गॅरेजमध्ये लगेच कानावर पडतं, “कॉलम गेला.” कॉलम म्हणजे स्टिअरिंगचं चाक ज्यावर बसतं तो दांडा आणि त्याचा सांगाडा. आमच्याकडूनही अख्ख्या कॉलमचे पैसे घेतले. कॉलम बदललाच नव्हता.

गाडी मी आणि नवरा दोघंही चालवतो. तो उंच, मी बेताच्या उंचीची, म्हणून सीट आणि स्टिअरिंग दोन्हींची मेमरी लावून ठेवलेली. इंजिन बंद केलं की उतरायला जागा मिळावी म्हणून स्टिअरिंग आपोआप वर उचललं जातं आणि डॅशबोर्डकडे सरकतं. गाडी सुरू केली की आपापल्या जागी परत येतं. मध्ये गाडी बरेच दिवस नुसती उभी होती. त्यानंतर सुरू केली तेव्हा स्टार्टर जरा रेंगाळला, इंजिन लागलं, पण स्टिअरिंग वरच राहिलं. कॉलमच्या बाजूचं बटण दाबलं की ते कणभर हलायचं आणि थांबायचं. चाकं व्यवस्थित वळत होती, हॉर्न वाजत होता. फक्त हात ताणल्याशिवाय मला स्टिअरिंग धरता येत नव्हतं, आणि तशी गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचंच.

नवऱ्याने ती गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या माणसाने बटण दाबून पाहिलं, गाडीतल्या बिघाडांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, स्क्रीन आमच्याकडे न वळवताच चेहरा गंभीर केला. “मॅडम, कॉलमची मोटर जाम झालीय. मोटर सुटी येत नाही, पूर्ण कॉलमच येतो.” आम्ही जरा घुटमळतोय हे पाहून लगेच पुढचं वाक्य आलं, “बघा बुवा, एअरबॅग याच कॉलमवर असते. उद्या चालता चालता फुटली तर आम्हाला बोलू नका.”

मोटर सुटी मिळत नाही, हे काही गाड्यांच्या बाबतीत खरं असतं. म्हणून पहिलं वाक्य पटतं. दुसरं वाक्य मात्र निव्वळ भीती विकायला होतं. एअरबॅगचं सर्किट वेगळं असतं. स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली चपटी केबल असते, तिच्यातून एअरबॅग, हॉर्न आणि स्टिअरिंगवरच्या बटणांना वीज जाते. तिथे बिघाड झाला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, बऱ्याचदा हॉर्न आणि ती बटणंही बंद पडतात. गाडी सुरू करताना हा दिवा काही सेकंद लागून विझला, म्हणजे सिस्टिमने स्वतःची तपासणी करून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आमचा दिवा दर वेळी विझत होता. स्टिअरिंग वर-खाली करणारी मोटर अडकली म्हणून एअरबॅग फुटत नसते.

काम झालं, पैसे दिले. गॅरेजमधल्या मुलाने कोपऱ्यात पडलेला एक धुळकट कॉलम दाखवून “हा तुमचा जुना” असं सांगितलं आणि मी सवयीने फोनवर त्याचा फोटो काढला. बिलाला स्कॅनरचा छापील रिपोर्ट टाचलेला होता. बिल वजनदार दिसावं म्हणून असेल.

पुढे काही आठवड्यांनी बॅटरीने मान टाकली. आमच्या माहितीतले एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन काका नवी बसवायला आले, आणि त्यांनी टर्मिनल आवळल्यावर मी गाडी सुरू केली तर पुन्हा तोच प्रकार. स्टिअरिंग वर, बटण दाबलं की कणभर हालचाल, मग काही नाही. मी जवळजवळ ओरडलेच, “अहो काका, नवा कॉलम गेला!”

“ताई, काही गेलं नाही. बॅटरी काढली की हे आपली हद्द विसरतं. तुम्ही उतरा जरा.” काका सीटवर बसले. इंजिन चालू ठेवून त्यांनी बटण वर दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, असं करत करत स्टिअरिंग अगदी वरच्या टोकाला नेलं आणि टोकाला पोचल्यावरही बटण थोडा वेळ दाबूनच धरलं. मग तसंच खालच्या टोकाला. मग पुढे, मग मागे. आतून बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि त्यानंतर बटणाच्या एका दाबात स्टिअरिंग सरळ माझ्या जागेवर आलं.

आतली रचना त्यांनी तिथेच समजावली. कॉलमला दोन छोट्या मोटरी असतात, एक वर-खालीसाठी, एक पुढे-मागेसाठी. मोटर एक आटेदार दांडा फिरवते, त्यावरचा नट सरकतो आणि त्याच्याबरोबर कॉलम. कॉलम कुठपर्यंत गेलाय हे सेन्सरवरून कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, कळतं. वीज तुटली किंवा व्होल्टेज फार खाली गेलं की काही गाड्यांमध्ये हा हिशोब पुसला जातो. दोन्ही टोकं कुठे आहेत हे माहीत नसल्यामुळे मॉड्यूल मोटरला भरधाव सोडत नाही, जरा हलवून थांबवतं. टोकं पुन्हा शिकवायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, काहींना ती लागतच नाही, काहींना स्कॅनरच लावावा लागतो. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती बॅटरीच्या प्रकरणाच्या शेवटी, बारीक अक्षरांत आहे.

मग गॅरेजमध्ये बदललं काय? काकांनी स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उतरवलं आणि टॉर्च मारला. कारखान्यात बोल्ट आवळून झाला की बऱ्याचदा बोल्टचं डोकं आणि त्याखालची पट्टी यांवरून पेंटची एक रेघ ओढतात. बोल्ट एकदा जरी फिरवला तरी रेघ तुटते, पुन्हा आवळला तरी दोन तुकडे सहसा समोरासमोर येत नाहीत. आमच्या कॉलमच्या बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा अखंड होत्या, त्यांवर वर्षानुवर्षांची धूळही होती. पान्याचा एक ओरखडा नाही. बोल्ट न सोडता कॉलम बाहेर येत नाही.

तेवढ्यात मला तो फोटो आठवला. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि हसायलाच लागले. फोटोतल्या कॉलमला खालच्या बाजूला हाताने ओढायचा खटका होता, साध्या गाड्यांना असतो तो. मोटर नाही, वायरींचं सॉकेट नाही. आमच्या गाडीचा ‘जुना पार्ट’ म्हणून दाखवलेल्या कॉलमला बटणाशी काही देणंघेणंच नव्हतं.

रिपोर्टचा कागद तर कळसच होता. त्यात कोड दोन. एक व्होल्टेज कमी असल्याचा, दुसरा स्टिअरिंगची जागा शिकवलेली नसल्याचा. मोटरबद्दल अक्षर नाही. म्हणजे दुखणं गॅरेजवाल्याच्या स्क्रीनवर तेव्हाच दिसलं होतं. त्याने बॅटरी चार्ज केली, टोकं शिकवली आणि कॉलमचं बिल फाडलं. बरं, बॅटरी मरायला टेकलीय हे तरी सांगायचं! पण ते सांगितलं असतं तर कॉलमची गोष्ट टिकली नसती.

काकांच्या मते अशा वेळी आधी कान वापरायचे. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर संशय फ्यूज, बटण, वायरिंग किंवा मॉड्यूलवर. मोटरची घरघर येतेय पण कॉलम हलत नाही, तर आतल्या गिअरचे दात झिजलेत किंवा नट तुटलाय, हा खरा यांत्रिक बिघाड. वर-खाली होतंय पण पुढे-मागे होत नाही, तर मुख्य वीजपुरवठा बहुधा ठीक आहे आणि दोष त्या एका मोटरचा किंवा बटणाच्या त्या बाजूचा. मुलं बटणाशी खेळून खेळून मोटर तापवतात, तेव्हाही ती स्वतःला वाचवायला थांबू शकते. थोडा वेळ थंड होऊ दिलं की चालते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कुणीतरी गाडीच्या मेनूमध्ये जाऊन, उतरताना स्टिअरिंग सरकण्याची सोयच बंद केलेली असते. तो बिघाडच नव्हे.

फ्यूज पाहणं घरच्या घरी होतं. कुठला फ्यूज कशाचा, हे मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर असतं. तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या निळ्याच्या जागी हिरवा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या सॉकेटना मात्र हात लावायचा नाही, ती एअरबॅगची असतात. आणि अडकलंय म्हणून कॉलमला खालून ठोकायचं तर अजिबात नाही.

एवढं करूनही गॅरेज गाठावं लागलं तर स्कॅनरची स्क्रीन स्वतः पाहा. रिपोर्ट छापून मागा आणि त्यावरचा १७ अक्षरी चॅसिस नंबर आपल्याच गाडीचा आहे का ते ताडून बघा. स्वस्तातले स्कॅनर बरेचदा फक्त इंजिनचे, पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. स्टिअरिंग, सीट वगैरेंचे कोड बहुधा बी, सी किंवा यू ने सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर लागतो. “स्कॅनमध्ये काहीच येत नाही, म्हणजे कॉलमच गेला” हा युक्तिवाद तिथेच ढासळतो. गाडी सोडण्याआधी कॉलमच्या बोल्टांचे आणि पार्टच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. जुना पार्ट परत हवाय हे जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या, तोंडी नको. कॉलम खरंच बदलला तर एअरबॅग काढून पुन्हा बसवावी लागते, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग किती वळलंय हे मोजणाऱ्या अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशनही (त्याचं माप पुन्हा जुळवणं) करावं लागतं. बिलात त्याची ओळ नसेल तर का नाही, ते विचारा.

आम्ही फोटो, रिपोर्ट आणि अखंड रेघांचा व्हिडिओ घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालक आधी म्हणाला, पार्ट बदललाच आहे, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. रेघा दाखवल्यावर म्हणाला, हल्ली नवे पार्ट रेघा मारूनच येतात. मग धूळही मारून येते का, असं नवऱ्याने विचारलं. खटक्याचा फोटो दाखवला तेव्हा सगळं त्या पोरावर ढकललं, त्याने चुकून दुसऱ्याच गाडीचा पार्ट दाखवला म्हणे. मग आमचा जुना कॉलम कुठे आहे? त्यावर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दुकानात दोन गिऱ्हाईकं बसून ऐकत होती, त्याचाही परिणाम झाला असावा.

कॉलमची रक्कम परत मिळाली. मजुरी त्याने ठेवूनच घेतली, “काम तर झालं ना?” म्हणत. पैसे देताना एक छापील कागद पुढे सरकवला, त्यावर ‘ग्राहकाचे पूर्ण समाधान झाले असून कोणतीही तक्रार नाही’ असं होतं. मी ती ओळ खोडली, खाली ‘कॉलम बदललेला नव्हता म्हणून रक्कम परत’ असं लिहिलं, सही केली आणि त्याच्या शिक्क्यासह एक प्रत मागून घेतली.