नामदेव की एकनाथ? बारशापूर्वीचा विचार

घरातील वडीलधाऱ्यांनी पारंपरिक नावाचा आग्रह धरला, की मराठवाड्यातील वारकरी कुटुंबांत नामदेव आणि एकनाथ ही नावे हमखास पुढे येतात. नामदेव म्हणजे ज्याच्या लेखी नाम हाच देव. एकनाथ म्हणजे सर्वांचा एकच धनी. हे मुळात ईश्वराचेच विशेषण आहे. पहिल्या नावात नामस्मरणाची साधना आहे, तर दुसऱ्यात अद्वैताचा भाव.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे (जन्म १२७०) जन्मगाव मानले जाते, आणि कीर्तन करणाऱ्या नामदेवांसाठी औंढा नागनाथाचे देऊळ फिरले, ही आख्यायिका तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात असल्यामुळे या नावाचा मुलगा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गेला काय किंवा पंजाबातील घुमानला गेला काय, त्याचे नाव तिथे आपलेच वाटते. इतका दूरचा आदर फार थोड्या मराठी नावांच्या वाट्याला आला आहे.

एकनाथ हे नाव मात्र गोदाकाठाचे. पैठणची नाथषष्ठी, जायकवाडीचा नाथसागर, नाथांची भारुडे यांतून ते रोजच्या बोलण्यात आहे. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) देवगिरीच्या जनार्दनस्वामींना गुरू मानले आणि ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा अभंगांत ठेवली. म्हणून वडिलांचे नाव जनार्दन असेल, तर मुलासाठी एकनाथ याहून शोभणारे दुसरे नाव मला सुचत नाही.

जन्मनक्षत्र पाहणाऱ्यांसाठी ‘ना’ हे अनुराधेच्या पहिल्या चरणाचे अक्षर असून रास वृश्चिक येते, तर ‘ए’ कृत्तिकेच्या चौथ्या चरणाचे असून रास वृषभ. रोमन लिपीत मात्र दोन्ही नावे जपून लिहावीत: नामदेवच्या शेवटी कुणी ‘व्ही’ लिहितो, कुणी ‘ओ’, आणि एकनाथमध्ये ‘के’नंतर ‘ए’ कधी असतो, कधी नसतो. जन्मदाखल्यावर जे लिहाल, तेच आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर अक्षरशः ठेवावे.

माझा कल नामदेवकडे आहे, कारण नावाची प्रत्येक हाक नामाची आठवण करून देते आणि ‘नामा’ हे लाडाचे रूपही संतांनी स्वतः वापरलेले आहे. आजोबांचे नाव एकनाथ असेल, तर मात्र तेच ठेवावे. सासऱ्यांचे नाव घेण्याचा सुनेला संकोच वाटत असेल, तर हाकेसाठी आबा किंवा नाना म्हणण्याची रीत आपल्याकडे आहेच.