ब्रेस्ट कॅन्सरचा डॉक्टर व्हायचंय आणि मराठवाड्यातच राहायचंय: तीन वाटांपैकी कुठली?

इंटर्नशिपची पोरं विचारतात तेव्हा आधी वर्षं मोजतात, म्हणून तेच आधी. रेडिएशन ऑन्कॉलॉजीची, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करण्याची, एमडी ३ वर्षांची. सर्जरीवाल्यांना एमएसची ३ आणि मग एमसीएच या सुपरस्पेशालिटीची ३. मेडिकल ऑन्कॉलॉजीलाही, म्हणजे किमो-गोळ्यांच्या वाटेलाही, तसंच, एमडी मेडिसिन अधिक डीएम ही सुपरस्पेशालिटी. मधे सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, नीट-एसएस, आहेच. (रेडिएशनची एमडी करूनही डीएमला बसता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.)

पण वर्षं वाचतात म्हणून रेडिएशन घेऊ नका. लिनॅकला (किरण देणारं मशीन) जाड भिंतींचा बंकर लागतो, फिजिसिस्ट लागतो, एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. मशीन जिथे, तिथेच तुमचं गाव. म्हणजे छत्रपती संभाजीनगर, नाहीतर हद्दीपलीकडचं बार्शी, जिथे धाराशिव-लातूरकडच्या बायका जातात, किंवा अशी मोजकीच ठिकाणं. काम मात्र सुखाचं. रात्रीचे फोन कमी, आणि पूर्वी ज्या ‘शेका’ला (रेडिएशनला) पाच आठवडे लागायचे तो आता बऱ्याच जणींना १५ बैठकांत, तीन आठवड्यांत देता येतो.

सर्जनला ऑपरेशन थिएटर आणि भूल देणारा मिळाला की तालुक्यालाही काम सुरू करता येतं. आणि इथे त्याची गरज फार आहे. गेवराईकडची एक बाई आमच्याकडे आली होती. कॅरीबॅगमध्ये घडी घातलेला एकच कागद, ‘डावीकडील गाठ काढली’. गाठ तपासायला पाठवलेलीच नव्हती. आधी सुईची बायोप्सी केली असती तर ईआर, पीआर, हर-टू (कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या गाठीच्या तपासण्या) सगळं कळलं असतं. आता जखमेच्या कडेला पुन्हा उठलेल्या गाठीपासून सुरुवात. शिकलेला सर्जन जिल्ह्यात असला तर हे टळतं. मात्र एक लक्षात ठेवा. स्तन वाचवून फक्त गाठ काढली तर नंतर बहुतेक जणींना शेक द्यावाच लागतो. तीन आठवडे शहरात राहायची सोय नाही म्हणून, वाचवता येणारा स्तन पूर्ण काढायची पाळी तुमच्यावर येईल. हे कौशल्याचं दुखणं नाही, पण सलतं.

मेडिकलवाल्याला डे-केअरच्या चार-सहा खाटा, चांगली नर्स आणि रक्ताचे रिपोर्ट तासाभरात देणारी लॅब पुरते. ऑपरेशन एका दिवसाचं. किमो बहुधा दर २१ दिवसांनी, हर-टू असेल तर ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन वर्षभर, ईआर-पीआर असेल तर टॅमॉक्सिफेनची गोळी ५ वर्षं, कधी १०. त्यामुळे बाईशी खरी गाठ तुमचीच. बीडकडे तर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मोडला तर मुकादम नवऱ्याला सोडत नाही, आणि बाई तिसऱ्या किमोनंतर थेट सांगलीकडे. पांढऱ्या पेशी उतरलेल्या, अंगात ताप, राहायला उसाच्या फडातली कोप, म्हणजे झोपडी. फोन रात्री अकराला येतो. महात्मा फुले योजनेची मंजुरी, पुढची तारीख कारखान्याच्या हंगामात बसवणं, हेही तुमच्याच गळ्यात. कंटाळा येणाऱ्याने इकडे फिरकू नये.

माझा कल मेडिकलकडे, कारण जिल्ह्याच्या गावी बसून उपचाराचा सगळ्यात लांब भाग तोच सांभाळू शकतो. हात चाकूसाठी शिवशिवत असतील तर सर्जरी घ्या, माझं ऐकू नका. रेडिएशन आवडत असेल तर संभाजीनगरात घर बघा. कोणतंही घ्या, सीट घेण्याआधी बॉन्डचा (शिकून झाल्यावरच्या सक्तीच्या सेवेचा) कागद पूर्ण वाचा, आणि कॅन्सर ओपीडीत आठवडाभर डॉक्टरच्या नाही, रांगेतल्या बाकावर बसून या.