गॅसिफायरची उष्णता: आत जाळून की बाहेरून?

गॅसिफायर म्हणजे लाकूड-काडीकचरा तापवून त्याचा इंजिनाला चालेल असा जळणारा गॅस करणारं यंत्र, तो कसा चालतो ते माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की आतला कोळसा ८००-९०० डिग्रीला ठेवायची उष्णता आणायची कुठून. एक तर पूर्ण जळायला लागते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा हवा सोडून थोडा माल आतच जाळायचा, नाहीतर बाहेरून भट्टी किंवा हीटर लावायचा आणि आत नुसती वाफ.

खोटं कशाला बोला, कागदावर बाहेरूनचं भारी दिसतं. हवेतला नायट्रोजन आत येत नाही त्यामुळे गॅस घनमीटरला १० मेगाज्यूलच्या वर, हवेवाला जेमतेम ४ ते ६, त्यात निम्मा नायट्रोजनच. हायड्रोजन हवा असेल तर तिकडेच जा, पुढचं वाचू पण नका.

मी दोन्ही चालवून हवेच्या डाउनड्राफ्टवर (हवा आणि गॅस वरून खाली ओढणारा गॅसिफायर) आलो, कारण एकच, मधला भाग तापतच नाही. बाहेरून तापवलेल्या नळीत भिंतीलगतचा कोळसा लाल होतो पण उष्णता पुढे जाऊ देत नाही, वर वाफेची रिअ‍ॅक्शन स्वतःच उष्णता खाणारी (मोलला १३१ किलोज्यूल), म्हणजे जेवढी द्याल तेवढी भिंतीपाशीच गिळते आणि मध्ये ७०० च्या खाली, टार (गॅसबरोबर येणारा डांबरासारखा चिकटा) तसाच बाहेर. मग माणूस बाहेरचा जाळ वाढवतो, तर भिंत हजाराच्या पुढे, स्टेनलेसचे पापुद्रे सुटतात, नळी वाकते आणि इंजिनच्या व्हॉल्व्हवर काळा चिकटा तो आहेच. तापलेली वाळू दोन चेंबरमध्ये फिरवून हे सुटतं, ऑस्ट्रियात ग्युसिंगला ८ मेगावॅटचा तसा प्लांट होता, पण छोट्या कामाला तो पसारा कोण सांभाळणार.

डाउनड्राफ्टमध्ये उष्णता पाहिजे तिथेच तयार होते आणि बराचसा टार १०००-१२०० च्या झोनमधूनच खाली येतो म्हणून फुटून त्याचा गॅस होतो, निदान माझ्याकडे तरी फिल्टर धुणं खूप कमी झालं. अर्थात नखरे आहेत. ओलावा २० टक्क्यांच्या वर नको. पेंढ्यासारखा माल असेल तर राखेतल्या पोटॅशमुळे ती वितळून तिथे खंगर (दगडासारखा गोळा) धरतो, अशा मालाला कमी तापमानाचं बाहेरूनचंच बरं पडेल बहुतेक. आणि इंजिनवरचा लोड कमी झाला की हवा कमी ओढली जाते, झोन थंडावतो, टार परत सुरू, म्हणून इंजिन अर्ध्या लोडवरच चालणार असेल तर गॅसिफायर एक साईझ लहानच घ्या, विकणारा मोठाच गळ्यात मारायला बघतो.