चोक आधी की कपॅसिटर आधी?

व्हॉल्व अँप्लिफायरचा पॉवर सप्लाय बांधायला घेतला की चोकपाशी, म्हणजे करंटमधले चढउतार दाबणाऱ्या कॉइलपाशी, हमखास गाडी अडते. तो रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला) लागूनच जोडायचा की एका कपॅसिटरनंतर? प्लसच्या वाटेत की मायनसच्या? आवाजातल्या फरकाचा वाद जरा बाजूला ठेवा. आधी हातातला ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा आहे ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

समजा ब्रिज रेक्टिफायर आहे आणि सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची आउटपुट वायंडिंग, 300 व्होल्टची. पहिला कपॅसिटर असेल तर तो शिखर गाठतो, म्हणजे सुमारे 420 व्होल्ट. लोड आला की थोडा खाली बसतो. पहिला चोक असेल तर सरासरी मिळते, 0.9 पट, म्हणजे 270 व्होल्ट. त्यातूनही वायंडिंगच्या रेझिस्टन्सचा ड्रॉप वजा करायचा. तेव्हा 400 व्होल्ट हवे असतील आणि ट्रान्सफॉर्मर हाच असेल, तर चोक आधी लावायचा विचार करायचं कारणच नाही.

व्होल्ट सोडावे लागतात, पण बदल्यात ट्रान्सफॉर्मर गार राहतो. कपॅसिटर दर शिखराला करंटचा घोट गपकन ओढतो. 100 मिलिअँप डीसीसाठी सेकंडरी साधारण 160 मिलिअँपची लागते. पहिला चोक असेल तर 106 च्या आसपास भागतं. रेक्टिफायर व्हॉल्व वापरणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. जीझेड 34 ला पहिला कपॅसिटर 60 मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही; चोक पुढे असला की ही चिंता बरीचशी मिटते.

मात्र चोक आधी लावायचा तर करंट सतत वाहता हवा. 50 हर्ट्झच्या मेन्सवर लोडचा रेझिस्टन्स भागिले 942, एवढे हेन्री किमान लागतात. 270 व्होल्टला 100 मिलिअँप म्हणजे 2700 ओहम, म्हणून 3 हेन्री पुरेत. करंट 20 मिलिअँपवर उतरला की तोच आकडा 14 वर जातो. तेवढा चोक नसेल तर व्होल्टेज शिखराकडे सरकू लागतं. लोड पूर्ण सुटला तर 420 ला जाऊन भिडतं, आणि 350 व्होल्टचे कपॅसिटर लावले असतील तर त्यांची काही खैर नाही. म्हणून ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे सप्लायवर कायम थोडा करंट ओढत राहणारा रेझिस्टर, इथे सक्तीचा. क्लास ए मध्ये करंट स्थिर असतो, तिथे हे गणित सोपं जातं. क्लास एबी मध्ये तो सिग्नलबरोबर बदलतो, म्हणून सिग्नल नसतानाचा करंट धरूनच हिशोब करा.

दुसरी गोष्ट कॅटलॉगमध्ये सहसा ठळक दिसत नाही. पहिल्या जागेवरच्या चोकवर या उदाहरणात सुमारे 130 व्होल्ट एसी बसतो. 47 मायक्रोफॅरडनंतर तोच चोक लावला तर जेमतेम 6 व्होल्ट! मी एकदा साधा, दुसऱ्या जागेसाठीचा चोक पुढे लावून पाहिला होता. स्पीकर काढून ठेवला तरी चेसिस घुरघुरत होतं. पत्र्यावर बोट ठेवलं तर झिणझिण कळायची. पहिल्या जागेसाठी म्हणून बनवलेला चोक मिळत नसेल तर हा मार्ग सोडाच.

हम (स्पीकरमधली गुणगुण) घालवायलाही कपॅसिटर–चोक–कपॅसिटर ही रचना काही कमी नाही. 10 हेन्री आणि 47 मायक्रोफॅरड ही जोडी 100 हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) सुमारे 180 पट खाली आणते. बहुतेकांनी हेच करावं असं माझं मत. पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व उलटसुलट जोडीने चालणारी रचना) असेल तर अजून एक सवलत आहे: आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्लेटकडचा हम बराचसा आपसांत कटतो, त्यामुळे प्लेटचा सप्लाय चोकच्या आधीच घेऊन फक्त स्क्रीन (आउटपुट व्हॉल्वमधली दुसरी ग्रिड) आणि आउटपुटच्या आधीच्या स्टेजेस चोकनंतर ठेवता येतात. चोक लहान चालतो. सिंगल-एंडेडला, म्हणजे अशी जोडी नसलेल्या आउटपुटला, ही सवलत नाही.

आता प्लस की मायनस. मायनसमध्ये वायंडिंग आणि कोअर यांच्यामध्ये मोठं व्होल्टेज येत नाही, इन्सुलेशनवर ताण कमी. जुन्या रेडिओत स्पीकरची फील्ड कॉइलच तिथे चोक म्हणून बसवत आणि तिच्या ड्रॉपमधून बायसही (व्हॉल्वच्या ग्रिडला लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज) काढत. पण ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगची चेसिसशी जी थोडी कपॅसिटन्स असते, तिच्यातून रिपल चोकला वळसा घालून निघतो. शिवाय पहिल्या कपॅसिटरचा धातूचा डबा चेसिसला टेकला की चोक शॉर्ट. जुना चोक आहे आणि इन्सुलेशनची खात्री नाही, एवढ्याच कारणासाठी मी मायनस निवडेन.

जागा ठरली तरी चोक लगेच स्क्रूने आवळू नका. त्याला एकट्याला कमी व्होल्टचा एसी द्या, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला मल्टिमीटर लावा आणि चोक हळूहळू फिरवा. दोघांचे कोअर काटकोनात आले की मिलिव्होल्ट झपकन उतरतात. जिथे आकडा सगळ्यात कमी, तिथे पेन्सिलने खूण करा; भोकं त्यानंतर पाडा.