आईचं बायबल आणि शहापुरातली बांधणी

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातून आत एका बोळात पुस्तकबांधणीचं जुनं दुकान आहे. पाटी नाही. काम मुख्यतः व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्यांचं, शाळांच्या हजेरीपुस्तकांचं, मधूनच एखादी ज्ञानेश्वरी किंवा गाथा. तिथं मी आईचं मराठी बायबल बांधून घेतलं. काम फार चांगलं झालं. ज्यांच्या घरी असं वापरून झिजलेलं पुस्तक आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

बायबलची अवस्था वाईट होती. कणा तुटलेला, उत्पत्तीची पहिली पानं सुटलेली, स्तोत्रसंहिता तर अख्खी हातात यायची. बेळगावच्या पावसाळ्यानं कडांना कसर लागली होती. त्यात पूर्वी एकदा दुसरीकडे कुणीतरी नुसता डिंक चोपडून दिला होता, त्यामुळे ईयोबाच्या पुस्तकाची काही पानं एकमेकांना चिकटली होती. मोठ्या अक्षरांचं नवीन आणून देते म्हटलं तर आई ऐकेना. कारण एकच, समासातली तिची अक्षरं.

आई मराठी शाळेत शिक्षिका होती. घरच्या प्रार्थनेनंतर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं एखादी तारीख किंवा दोन-तीन शब्द ओळीशेजारी लिहायची तिची सवय. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाजवळ लिहिलंय, ‘ऑगस्ट 2019, दादाचं घर’. त्या महिन्यातल्या पुरात आमच्या मामाचं घर पडलं, उभा ऊस कुजला, दोन म्हशी गेल्या. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. लोक त्यातला ‘तरी’ तेवढा उचलतात. आईनं पेन्सिलीची रेघ रिकाम्या गोठ्याखालीसुद्धा ओढली आहे.

स्तोत्र 88 शेजारी ‘मे 2021’. माझा धाकटा भाऊ तेव्हा गेला. चर्चच्या सगळ्या मंडळीनं उपास धरले होते, पाळकसाहेब रात्ररात्र फोनवर आमच्याबरोबर प्रार्थना करत होते. मी स्वतः नर्स. ऑक्सिजनचे आकडे उतरत चाललेले मला वाचता येत होते आणि तरी मी मागत होते. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठंतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. धीर देणारं तेवीसावं स्तोत्र सोडून हे का, असं मी आईला पुढे कधीतरी विचारलं. ती म्हणाली, “तेवीसावं पण माझंच आहे गं. पण त्या दिवशी मला एवढंच म्हणता येत होतं. आणि हे म्हणायलासुद्धा त्यानंच दिलंय की.”

भेटायला येणारे काय काय बोलले! देवाला चांगली माणसं लवकर लागतात, तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडला, यातून काहीतरी चांगलंच व्हायचं असेल. वाईट हेतूनं कुणीच नाही, पण प्रत्येक वाक्य बोचायचं. काही चूक नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि देवाची वकिली सुरू केली. शेवटच्या, म्हणजे बेचाळीसाव्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही. हे मला सगळ्या शास्त्रातलं सर्वांत मोठं सांत्वन वाटतं.

आणि ईयोबाला कारण कधीच कळत नाही. पहिल्या दोन अध्यायांत वर स्वर्गात काय घडलं ते आपण वाचतो, त्याला कुणी सांगत नाही. अडतीसाव्यात देव वावटळीतून बोलतो आणि उलट त्यालाच प्रश्न विचारत सुटतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? त्या अध्यायाच्या डोक्यावर आईनं लिहिलंय, ‘उत्तर नाही. पण आलास.’

माझा विश्वास आज या चार शब्दांवर उभा आहे. भाऊ का गेला, ते मला समजलेलं नाही. तरी देवाच्या शहाणपणावर मी भरवसा ठेवते, कारण मेलेल्या लाजराला उठवायचंय हे ठाऊक असूनही जो येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, तो माझं रडणं पोरकट मानणार नाही. आई रविवारच्या शाळेत मुलांना पंडिता रमाबाईंबद्दल सांगायची. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. शेवटच्या काळात त्यांचं बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. ईयोबाचं पुस्तक मराठीत उतरवताना त्या बाईंच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला सोडत नाही.

तर बांधणी. पद्धत अशी, की पुस्तक शिवून झालं की कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी मशीननं कापायचं. आईची अक्षरं अगदी कडेपर्यंत गेलेली. मी काही सांगायच्या आतच बांधणाऱ्या मामांनी पानं उलटली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “ह्याला मशीन लावायचं नाही बगा. आईंची अक्षरं जातील. कडा वाकड्या राहतील, चालतंय न्हवं?” चालतंय म्हटलं.

मग त्यांनी एकेक जुझ, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, वेगळा केला, जुना डिंक ओलसर फडक्यानं भिजवून बोथट सुरीनं खरवडला, घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावली आणि सगळं हातानं शिवलं. लई, म्हणजे चिकटवायची खळ, मैद्याची, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद. पाठीला कापड, वर काळं रेक्झिन. बायबलचा कागद इतका पातळ, की लई जरा जास्त झाली तर शाई पलीकडे दिसते, पण असं एकाच पानावर झालंय. चिकटलेली ईयोबाची पानंही सुटली. अडतीसाव्या अध्यायाचा कोपरा गेला, अक्षरं राहिली. आता पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. आईचा हात थरथरतो, तिला धरून ठेवावं लागत नाही, ही सगळ्यांत मोठी सोय.

तक्रारी दोन. सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर झाला. आणि खुणेची लाल फीत हलकी आहे, ओल्या बोटाला रंग लागतो, ती मी बदलून घेणार आहे. पाठीवरची सोनेरी अक्षरं थोडी तिरकी बसलीत, आईला त्याचं काहीच वाटलं नाही.

पैसे 450 घेतले. एवढ्या हातकामाला ते कमीच आहेत, घासाघीस करू नका. जूनमध्ये शाळांच्या कामाची गर्दी असते आणि पावसात लई लवकर सुकत नाही, म्हणून दिवाळीनंतर न्या. पानांतल्या चिठ्ठ्या, फोटो आधी काढून ठेवा. आम्ही विसरलो होतो, तर झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली, वाळकी पातसुद्धा मामांनी होती त्याच पानात परत ठेवून दिली.