आरोग्य कार्डाच्या नावाखाली मायच्या खात्यातले १०,००० गेले

काल तिसऱ्यांदा बँकेतून हात हलवत परत आलो, म्हणून आज लिहायला बसलो. सांगायची लाज वाटते. मी बारावी शिकलेला, घरबसल्या मोबाईलवर सातबारा काढणारा माणूस, आणि माझ्या डोळ्यांदेखत मायच्या खात्यातले १०,००० रुपये काढून नेले. मशीनवर तिचा अंगठा दाबून धरणारा हात माझाच होता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. १७ जानेवारीला सकाळी समाजमंदिरात दोन पोरं लॅपटॉप अन् अंगठ्याची मशीन घेऊन बसली. गळ्यात ओळखपत्र, मागं आयुष्मानचं बॅनर. "जुनी कार्डं ३१ तारखेनंतर बंद होऊन राहिली, नवीन केवायसी करून घ्या," असं सांगत होते. एका कार्डाचे १५० अन् लॅमिनेशनचे २०. आमच्या घरचे सहा जण, म्हणजे १,०२० रुपये मी रोख मोजले. बापूंना छातीचा त्रास आहे, कार्ड बंद पडलं तर काय करू, एवढंच डोक्यात होतं. वरून मीच वस्तीत घरोघरी जाऊन सांगितलं, की या अन् करून घ्या. शेजारच्या काकूला तर वेचणीवरून बोलावून आणलं.

कोणी म्हणेल, एवढं कसं कळलं नाही. अहो, रेशनची केवायसी झाली, पीएम किसानची झाली. दर वेळी अंगठा दिला नाही तर पैसे बंद, धान्य बंद. गावातल्या माणसाला अंगठा द्यायची सवय सरकारनंच लावली. मग कोणी मशीन पुढं केली की तो अंगठा देतोच.

मायचा अंगठा लवकर लागत नाही. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं फाटली आहेत, रेषा राहिल्याच नाहीत. मी माझ्या दुपट्ट्यानं तिचा अंगठा पुसला, मशीनवर दाबून धरला. चौथ्यांदा लागला. स्क्रीनवर तिचं नाव आलं, फोटो आला. झालं, असं मला वाटलं. तर पोरगा म्हणतो, "भाऊ, अजून एकदा लागते." अन् मान खाली घालूनच विचारलं, "आजी, श्रावणबाळचे पैसे कोणत्या बँकेत येते?"

मायनं माझ्याकडं पाह्यलं. अन् मी बँकेचं नाव सांगितलं.

तिथंच उठायला पाह्यजे होतं. दवाखान्याच्या कार्डाला बँकेचं नाव कायले लागते? रात्री झोप लागत नाही, तोच प्रश्न कानात वाजतो. आधार नंबर, बँकेचं नाव अन् अंगठा, या तीन गोष्टींवर पैसे निघतात. ना पिन, ना ओटीपी. मला हे माहीत होतं. बँक मित्राकडून, म्हणजे बँकेच्या गावातल्या एजंटाकडून, मी स्वतः असेच पैसे काढले आहेत. तरी त्या क्षणी डोकं चाललं नाही, कारण मागं चाळीस माणसं उभी होती अन् ती मीच बोलावली होती.

९ फेब्रुवारीला बापूंना नागपूरला न्यावं लागलं. तिथं दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रानं आमची सहाही कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. फोटो वेगळे, नावं वेगळी, खालचा नंबर सहाहींवर एकच. नुसती छापलेली होती. "केवायसी झालीच नाही भाऊ तुमची," तो म्हणाला. मग आमचं पिवळं रेशनकार्ड अन् आधार घेऊन त्यानंच महात्मा फुले योजनेतून बापूंचं प्रकरण टाकलं, एक रुपया न घेता. म्हणजे त्या कार्डासाठी एवढं घाबरायचं कारणच नव्हतं. हे नीट वाचा: आयुष्मान कार्डाला पैसे लागत नाहीत, ते दरवर्षी रिन्यूही करावं लागत नाही. शंका आली तर आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर विचारा. घरात सत्तरच्या वरचं कोणी असेल तर वय वंदना कार्डही फुकटच निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

जाण्यायेण्याच्या खर्चासाठी मायचे पैसे काढायला गेलो तेव्हा दुसरा घाव. खात्यात ११,२४० होते, १,२४० उरले. मेसेज गेला तो भावाच्या बंद पडलेल्या नंबरवर.

बँकेत साहेब म्हणतात, "अंगठा तुमच्याच आईचा आहे, आम्ही काय करणार?" मी म्हटलं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते म्हणाले, "मग तीन दिवसांत यायचं होतं." कसं येणार? त्याच बँकेचं पासबुक छापायचं मशीन महिनाभर बंद होतं! मी जानेवारीत दोनदा पासबुक घेऊन गेलो, दोन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात या". पोलीस ठाण्यात गेलो तर "तुम्ही स्वतःच अंगठा दिला ना?" असं मायच्या तोंडावर विचारलं. बहात्तर वर्षांची बाई, ओशाळून खाली पाहत राह्यली. तिथून जिल्ह्याला सायबरकडं पाठवलं. एसटीनं गेलो, दिवसभर बसलो, तर म्हणे आधी ऑनलाइन तक्रार टाका. आरोग्य खात्यात विचारलं तर शिबिर आमचं नव्हतं. ग्रामपंचायत म्हणते परवानगी दिली नाही. मग समाजमंदिराचं कुलूप कोणी उघडलं? चावी कोणाकडं राहते हे अख्ख्या गावाला माहीत आहे, पण कागदावर लिहून द्यायला एकही तयार नाही.

असं झालं तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. एमआधार ॲपमध्ये म्हाताऱ्या माणसांचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, रेशनच्या दिवशी तेवढं उघडा. खात्याला चालू मोबाईल नंबर जोडा, हे तर आजच. अन् अंगठा दुसऱ्यांदा मागितला तर स्क्रीन आपल्याकडं फिरवायला लावा.

काकूचे ४,५०० गेले, बचत गटाचा हप्ता भरायचे होते. कापूस विकून ते मी तिला दिले. तिनं घेतले, मोजले नाहीत, अन् दार लोटून घेतलं. मायनं तेव्हापासून रेशन दुकानातही अंगठा दिलेला नाही, आता मीच माझा देऊन धान्य आणतो.