'एकदम मख्खन' म्हणणारा तो माणूस मीच

इन्स्टावर एक रील फिरतंय. साधारण पन्नाशीचा एक गृहस्थ हातात हेल्मेट घेऊन हसत सांगतोय, "काय सांगू, गाडी एकदम मख्खन झाली!" मागे काळी 350 सीसी उभी आहे. तो गृहस्थ मी, गाडी माझी, आणि ते रील बघून आजवर तीन ओळखीच्या माणसांनी मला त्या गॅरेजचा पत्ता विचारलाय. तिघांना फोनवर सांगून झालं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

गाडी 2013 ची. एक सिलिंडर, जुन्या घडणीचं इंजिन. नाव सांगत नाही, आवाजावरून ओळखाल. 80 च्या पुढे काटा गेला की हँडल, फुटरेस्ट, सीट सगळं झिणझिणायला लागतं. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर केले की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची. हॉटेलात चहाचा कप डाव्या हातानं धरायचो. डॉक्टर म्हणाले, कोपरातून येणारी नस तळहाताच्या कडेला दाबली जातेय, मूठ सैल धरा. सांगणं सोपं आहे. हँडल हातात थरथरतंय म्हटल्यावर माणूस ते आणखी घट्ट धरतो.

अशात ते गॅरेज सापडलं. पुण्याच्याच एका उपनगरात, काचेचं केबिन, भिंतीवर लडाखचे फोटो. मालक तिशीतला, बोलायला फार गोड. "काका, तुमच्या गाडीचा क्रँक फॅक्टरीतूनच नीट बॅलन्स नसतो. आपण इंजिन उतरवून क्रँक बॅलन्स करू. नव्वद टक्के व्हायब्रेशन गायब. वर आपलं अँटी-व्हायब्रेशन किट." क्रँकचे 9,500, किटचे 5,300. एकूण 14,800 रुपये.

इथेच मला थांबायला हवं होतं. पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला जोडलेला क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, गोल फिरतो. क्रँकला समोरच्या बाजूला वजन देऊन पिस्टनचा झटका खायचा असतो. पण ते वजन पिस्टनच्या हिशेबानं पुरेपूर दिलं, तर वर-खालीचा धक्का जातो आणि तेवढाच धक्का पुढे-मागे लागायला लागतो. म्हणून कंपन्या मध्येच कुठेतरी, साधारण निम्म्यावर, तडजोड करतात. उरलेलं मारायला उलट्या दिशेनं फिरणारा वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागतो. तो नव्या 350 इंजिनांत असतो, माझ्या गाडीत नाही. क्रँक कितीही घासा, एका सिलिंडरच्या या इंजिनाचा नव्वद टक्के थरथराट जाणारच नाही, जाईल तर फार तर दिशा बदलून. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त करंगळी दिसत होती.

गुरुवारी सकाळी गाडी दिली, शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, "काका, रेडी." दीड दिवसात. इंजिन चेसिसवरून उतरवायचं, दोन भाग करायचे, क्रँक प्रेसवर उघडायचा, पुन्हा जुळवून डायल गेजवर तपासायचा, मग सगळं परत चढवायचं. हे दीड दिवसात झालं म्हणतात आणि मी मनातल्या मनात म्हणतो, "वा, काय झटपट माणसं!"

शनिवारी चक्कर मारली. गॅरेजच्या मागचा गुळगुळीत डांबरी रस्ता, जेमतेम दोन किलोमीटर. पण खोटं कशाला बोलू, फरक होता. 70 ला हँडल शांत. खड्डा आला तर गाडी त्यावरून मऊ गेली. मूठ धरायला जाड, स्पंजासारखी. हँडलच्या टोकांना चकाकणारी दोन वजनं. मालकानं मोबाइल पुढे धरला, "काका, दोन शब्द बोला ना," आणि मी ते दोन शब्द बोललो. वर त्यानं बजावलं, "पाचशे किलोमीटर 80 च्या पुढे नेऊ नका, क्रँक सेट होतोय." बिल साध्या पॅडच्या कागदावर, जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयने गेले ते कुठल्या तरी बाईंच्या नावावर. "आईचं अकाउंट आहे," म्हणाला. मला तर ते ऐकून बरंच वाटलं, मुलगा आईला धरून आहे!

पुढच्या शनिवारी बायकोला मागे बसवून कोल्हापूरला निघालो. शिरवळच्या अलीकडे पंपावर हवा बघितली. मागच्या चाकात 18. मी नेहमी दोघांसाठी 32 ठेवतो. वाटलं, हळू पंक्चर असेल. भरून घेतली. आणि तिथून पुढे गाडीचा मऊपणा गेला. खड्डा पुन्हा खड्ड्यासारखा लागायला लागला.

खंबाटकीचा घाट चढताना दुसरी गंमत. जो चढ गाडी दोघांना घेऊन चौथ्यावर ओढायची, तिथे आता तिसरा टाकायला लागला. पुढे एकदा दुसराही. बायको मागून म्हणाली, "मख्खन वितळलं वाटतं." मी गप्प.

कराडच्या अलीकडे चेन वाजायला लागली म्हणून रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीकडे थांबलो. साठीचा माणूस, कपाळावर चष्मा. त्याला सगळी कहाणी सांगितली, क्रँक-बिंक. तो काही बोलला नाही. गाडीशेजारी उकिडवा बसला, अंगठ्याच्या नखानं इंजिनच्या एका बोल्टावरचा मळ खरवडला. तेल आणि धूळ मिळून डांबरासारखी पापुद्र्याची खपली निघाली. मग शेजारचा बोल्ट, मग तिसरा. प्रत्येकावर तशीच खपली, बोल्ट आणि केसिंगच्या सांध्यावरून सलग गेलेली.

"सायेब, ह्या नटास्नी कंपनीतनं आल्यापास्नं पाना लागल्याला न्हाई. इंजिन कोन खोलतंय?"

मग त्यानं चेनवरचं झाकण काढलं आणि पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात बोटानं मोजले. दोनदा मोजले. मूळच्यापेक्षा एक दात जास्त. आणि सगळं उलगडलं. पुढे एक दात वाढवला की त्याच वेगाला इंजिन साधारण पाच टक्के कमी फिरतं. झटक्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो-घटतो, म्हणजे पाच टक्के फेऱ्या कमी तर झटका सुमारे दहा टक्के कमी. शिवाय हँडल ज्या फेऱ्यांना जास्त झिणझिणतं, ती जागा थोड्या वरच्या वेगाला सरकते. माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, आणि वेगाच्या काट्याची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे काट्यावर काहीच चुकीचं दिसत नाही. दोन किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर हे कळणं अशक्य. घाटात मात्र कळतं, कारण ओढ गेलेली असते. आणि 80 च्या पुढे नेऊ नका हे का बजावलं, तेही कळलं. पुढे नेली असती तर जुनाच थरथराट भेटला असता.

हँडलच्या टोकांची ती वजनं मी तिथेच काढली आणि शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवली. प्रत्येकी अडीचशे ग्रॅम म्हणून दिलेली, भरली 70 ग्रॅम. आतून पोकळ नळी, वर चमकदार मुलामा. बार एंड, म्हणजे अशी टोकाची वजनं, ही खरंच उपयोगाची वस्तू आहे, पण ती काम करते ती जडपणानं. हँडलच्या टोकाला वजन असलं की टोक कमी हलतं. पोकळ नळी लावून काय हलायचं थांबणार?

मिस्त्रीनं नंतर जे केलं ते तासाभराचं काम. इंजिन चेसिसला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट आवळले, त्यातले दोन चक्क हातानं फिरत होते. मागच्या ड्रमचे रबर झिजून पातळ झाले होते, ते बदलले. चेन फार ताणलेली होती, ती मधोमध बोटानं दाबल्यावर इंचभर हलेल इतकी सैल केली. जुन्या मापाचं स्प्रॉकेट त्याच्याकडे एका जुन्या चेनकिटमधलं पडलं होतं. सगळे मिळून 1,150 रुपये. थरथराट गेला का? नाही. कमी झाला, आणि 75 च्या आत मला चालतो. तासाभरानं थांबून हात झटकायचे, एवढं करतो. करंगळी आता शुद्धीवर असते.

परत आल्यावर गॅरेजवाल्याला फोन केला. तो जराही गडबडला नाही. "काका, चक्कर मारल्यावर व्हायब्रेशन कमी वाटलं होतं की नाही? तुम्हीच बोललात, व्हिडिओ आहे." कागदावर 'लेबर व पार्ट्स' एवढंच लिहिलंय हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर किटचे 5,300 परत आले, पुन्हा त्या आईच्याच खात्यातून. क्रँकच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कराडच्या मिस्त्रीनं खपलीचे आणि दातांचे फोटो काढायला लावले होते, तेच आता माझ्या फाइलमध्ये आहेत. गाडी देण्याआधी बोल्टांवर पेनानं खूण करून फोटो काढला असता आणि जुने पार्ट मागून घेतले असते, तर ही फाइल निम्मी झाली असती.

रील मात्र त्यानं काढलेलं नाही. तुम्हाला ते दिसलं तर माझ्याकडे बघू नका. मी 'मख्खन' म्हणतो तेव्हा माझ्या कोपराच्या मागे गाडीचं मागचं चाक दिसतं. टायर जमिनीला टेकतो तिथे बघा, बसून चपटा झालाय.